इबूच्या मुलीचा पत्ता

जावा बेटावर आम्ही नऊ वर्षं राहिलो. आम्ही म्हणजे मी, माझा नवरा आणि आमची एकुलती एक मुलगी. नवरा एका कापड गिरणीत सूतकताईच्या खात्याचा प्रमुख होता. आमच्या ग्वाल्हेरच्या गिरण्या बंद पडल्यावर इथली कितीतरी माणसं अशी पांगली. कुणी थायलंडला गेलं, कुणी आफ्रिकेत. माझे सासरे बिर्लानगरच्या गिरणीच्या ऑफिसात होते, नवरा त्यांच्याकडे बघून कापडाचंच शिकला, आणि सुरतेत, भिलवाड्यात वर्षं काढून शेवटी आमचा अन्नाचा शेर सोलो शहरापासून तासाभरावरच्या एका गावात निघाला. मुलगी तेव्हा सहावीत होती.

गिरणीच्या आवारातच आम्हाला घर दिलं होतं. पुढे हिरवळ, मागे केळीची झाडं, दाराशी पहारेकरी. सकाळी साडेसहाला नवरा जायचा, पावणेसातला मुलीची शाळेची बस यायची, आणि मग चार वाजेपर्यंत मला कुणाशी एक शब्द बोलायची गरज पडत नसे. आवारात आणखी तीन-चार भारतीय कुटुंबं होती, पण ती दर दोन वर्षांनी बदलायची. एकीशी जरा सूर जुळतोय असं वाटावं तोवर तिच्या घरासमोर सामानाचा ट्रक उभा राहिलेला असे. ग्वाल्हेरहून फोन आला की मी म्हणायचे, "एकदम मजेत. इतक्या मैत्रिणी झाल्यात, दिवस कसा जातो कळतच नाही."

रविवारी मात्र आम्ही तिघं निघायचो. बस, लोकल गाडी, होडी, जे मिळेल त्यात बसून जायचं आणि संध्याकाळी परत यायचं. त्या प्रवासांत माणसं खूप भेटली आणि एकही टिकलं नाही. एकदा मोठ्या सुट्टीत बालीला जाणाऱ्या बोटीवर एक नवरी तिच्या सगळ्या वऱ्हाडासकट आमच्यापाशी आली. परदेशी पाहुणे फोटोत हवेत, असा तिच्या आईचा हट्ट होता. आम्हाला मध्ये उभं केलं, माझ्या मुलीच्या हातात फुलं दिली, फोटो निघाला, आणि बोट लागली तशी ती मंडळी गर्दीत नाहीशी झाली. कुणाच्या तरी घरी भिंतीवर आम्ही तिघं आहोत. कुणाच्या, ते मला माहीत नाही. दुसऱ्या एका वेळी गाडीत समोर बसलेल्या बाईने उकडलेल्या शेंगा माझ्या ओंजळीत घातल्या आणि आमच्या तिघांकडे आळीपाळीने बघून विचारलं, "तुमची एवढीच माणसं?" मी म्हटलं, "एवढीच." तिला फार वाईट वाटलं असावं, कारण तिने आणखी शेंगा दिल्या.

मुलगी बारावी झाली आणि पुण्याला कॉलेजात गेली. रविवार संपले. नवरा सहा दिवस गिरणीत आणि सातव्या दिवशी झोपलेला. मग मी एकटीच दुपारी गिरणीच्या फाटकाबाहेर चक्कर मारायला लागले. अशाच एका चकरेत मी इबूंच्या दुकानात पहिल्यांदा बसले.

इबू म्हणजे आई. तिथे कुठल्याही वयस्क बाईला इबूच म्हणतात, त्यामुळे त्यांचं खरं नाव मला कधी विचारावंसं वाटलं नाही. फाटकासमोर त्यांची छोटी खानावळ होती. दोन बाकं, काचेचं कपाट, त्यात पदार्थ झाकून ठेवलेले. सात वर्षं मी तिच्यावरून जात होते, पण मासळीच्या वासाने आत पाऊल टाकलं नव्हतं. त्या दिवशी ऊन फार होतं आणि माझ्या पिशवीचा बंद तुटला होता, म्हणून टेकले.

"सुदा माकान?" त्यांनी विचारलं. जेवलात का? तिकडे भेटल्या भेटल्या हेच विचारतात.

नाही म्हटल्यावर त्यांनी केळीच्या पानात भात, उकडलेल्या भाज्या आणि वरून शेंगदाण्याची पातळ चटणी घातली. मी मासळीचं विचारलं. "तुमच्या लोकांना चालत नाही, मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्यासाठी वेगळी चटणी असते." मग सहज विचारलं, "इंडियात कुठे?"

या प्रश्नाला मी नेहमी 'दिल्लीजवळ' म्हणायचे. उगाच कशाला समजावत बसा? त्या दिवशी मात्र तोंडातून खरं गेलं. "ग्वाल्हेर."

त्यांच्या हातातली पळी तशीच राहिली. "ग्वालियोर?" त्यांनी पुन्हा विचारलं. मी मान हलवली. त्या हात पुसून आत गेल्या आणि प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेला एक फोटो घेऊन आल्या. गिरणीचा गणवेश घातलेली, डोक्याला रुमाल बांधलेली हसरी मुलगी, आणि तिच्या शेजारी एक उंच, मिशीवाला माणूस, एक हात खिशात. आपल्याकडचाच. फोटोच्या मागे रोमन लिपीत, प्रत्येक अक्षर वेगळं काढून पत्ता लिहिला होता: बिर्लानगर, लाइनीचा नंबर, ग्वालियर.

मुलगी त्यांची होती. याच गिरणीत सूत गुंडाळायच्या खात्यात होती. तो माणूस ग्वाल्हेरहून आलेला, यंत्रं दुरुस्त करणारा. लग्न झालं, आणि त्याचं कंत्राट संपल्यावर तो तिला घेऊन गेला. या गोष्टीला पंचवीसेक वर्षं झाली होती. पहिली पाच वर्षं पत्रं आली. मोठा बंगला आहे, मागे बाग आहे, बागेत आंबा आहे, नवरा आता मोठा साहेब झाला आहे. मग पत्रं थांबली. इबूंनी पाठवलेली पत्रं परत आली. तेव्हापासून गिरणीत येणाऱ्या प्रत्येक भारतीयाला त्या विचारत होत्या. कुणी मद्रासचा निघाला, कुणी राजस्थानचा. इंडिया मोठा आहे, असं सगळे म्हणाले.

"तुम्ही बघाल?" त्यांनी विचारलं.

"मी पुढच्या महिन्यात घरी जाते आहे," मी म्हटलं. "बघते." त्यांनी पाकिटासकट फोटो माझ्या हातात दिला.

ग्वाल्हेरला दर्पण कॉलनीतल्या आमच्या घरात खाली दीर-जाऊ राहतात, वरचा मजला आमचा. त्या वर्षी मी एकटीच आले होते, नवऱ्याला रजा नव्हती. जावेने मला चांगल्या कपात चहा दिला, जो ती घरच्यांना कधी देत नाही. मी स्वयंपाकघरात शिरले की म्हणायची, "तू बस ना, पाहुणी आहेस तू." नवरा सुरतेला-भिलवाड्याला असताना ज्या ओट्यावर मी अकरा वर्षं पोळ्या लाटल्या, तिथे मला मिठाचा डबा विचारून घ्यावा लागत होता. मी काही सांगायला लागले की दोन वाक्यांनंतर तिचे डोळे टीव्हीकडे वळायचे. बिर्लानगरला जायचं म्हटल्यावर ती म्हणाली, "तिथे आता कोण राहतं? सगळे चालले गेले."

मी टेम्पोने गेले. लहानपणी सासऱ्यांबरोबर नवरा इथे येत असे, पण मी स्वतः दोनदाच आले होते. कामगारांच्या घरांच्या लाइनी अजून होत्या. लोकांनी पुढे खोल्या वाढवल्या होत्या, गुलाबी-पोपटी रंग दिले होते, आणि लाइनींचे नंबर त्या रंगाखाली गेले होते. पत्त्यावरच्या घरात भलतंच कुटुंब निघालं. चहाच्या टपरीवर एक म्हातारे गृहस्थ पेपर वाचत बसले होते. त्यांना फोटो दाखवला.

"अरे, ये तो अपने मिस्त्री जी हैं," ते म्हणाले. "गुजर गए, छह साल हो गए. भाभी हैं ना. नेपालवाली भाभी. आगे चली जाइए, सिलाई का बोर्ड लगा है."

"नेपालवाली?"

"हां, उनका मायका नेपाल का है."

बोर्डावर लिहिलं होतं: फॉल, पिको, ब्लाउज. एकच खोली, दाराशी शिलाईचं मशीन, मशीनवर वाकलेली बारीक अंगाची बाई. साडी, कुंकवाची जागा रिकामी, नाकावर घसरलेला चष्मा. चेहरा इबूंचाच, फक्त वीस वर्षांनी लहान. मला इतकं भरून आलं की मी नमस्कार-चमत्कार विसरले आणि थेट इंडोनेशियन भाषेत म्हणाले, "इबू तुमची वाट बघताहेत."

मशीन थांबलं नाही. शिवण पूर्ण झाली, दोरा तुटला, मग तिने वर बघितलं.

"भाभीजी, हिंदी में बोलिए," ती म्हणाली.

मी फोटो पुढे केला. तिने तो हातात घेतला नाही, मशीनवर ठेवायला लावला आणि बराच वेळ बघत राहिली. मग उठून मला पाणी दिलं, दार अर्धं लोटलं, आणि सांगायला लागली. तिची हिंदी अगदी इथली होती, आमच्यापेक्षाही इथली.

ती आली तेव्हा गिरणी बंदच होती. पुन्हा सुरू होईल या आशेवर नवरा तिला घेऊन आला होता. ती सुरू झाली नाही. त्याने पंप दुरुस्त केले, पंखे दुरुस्त केले. तिने आईला बंगला लिहिला. एकदा बंगला लिहिल्यावर बाग लिहावी लागली, बाग लिहिल्यावर आंबा. "फिर अम्मा ने लिखा कि मैं आ रही हूं," ती म्हणाली. "टिकट का पूछा था. आप बताइए, मैं क्या दिखाती उसको?"

तिने खोलीकडे हात केला. खाट, गॅसची शेगडी, भिंतीवर नवऱ्याचा फोटो, मुलाचं शाळेचं सर्टिफिकेट. मुलगा नोएडात नोकरीला होता. पत्र लिहिणं थांबवलं, मग घर बदललं, मग पुन्हा बदललं. कुणी विचारलं तर नेपाळ सांगितलं. नेपाळ म्हटलं की लोक पुढे काही विचारत नाहीत.

"आता फोन आहे," मी म्हटलं. "आत्ता लावू? पाच मिनिटांत त्यांचं तोंड दिसेल." मी घाईने मराठीतच बोलून गेले, पण तिला कळलं. इथे सगळ्यांनाच थोडं कळतं.

"नहीं. आप कह देना, मिली नहीं."

"अहो, पण—"

"कसम खाइए."

मी शपथ नाही घेतली, पण हो म्हणाले. माझा नंबर तिने घेतला नाही, स्वतःचाही दिला नाही. निघताना मात्र दारात येऊन तिने विचारलं, "दुकान वहीं है? गेट के सामने?"

"तिथेच."

"छत टीन की?"

"नाही, आता कौलांची आहे."

तिने मान हलवली आणि पुन्हा मशीनवर जाऊन बसली.

जावाला परत गेले त्याच दुपारी इबूंनी मला रस्त्यात गाठलं. मी आठ तासांच्या विमानप्रवासात वाक्य तयार करत आले होते, पण त्यांचा चेहरा बघून ते विसरले. तोंडातून एकच शब्द निघाला. "बेलुम." अजून नाही. अशा प्रश्नांना त्या भाषेत सरळ 'नाही' म्हणायची पद्धत नाही. लग्न झालं का? अजून नाही. मुलं आहेत का? अजून नाही. साठीच्या अविवाहित माणसालाही 'अजून नाही' म्हणायची मुभा आहे.

"बरं," इबू म्हणाल्या. "पुढच्या वर्षी." आणि शोधायला इतक्या फिरलात म्हणून भाताचं एक पान जबरदस्तीने माझ्या हातात दिलं. मी ते घरी आणलं आणि मला ते खाता आलं नाही.

त्यानंतर मी मागच्या फाटकाने जायला लागले. नवऱ्याच्या लक्षात आलं.

"अगं, सांगून टाक ना एकदाचं," तो म्हणाला. "त्या म्हातारीने काय पाप केलंय?"

"मी शब्द दिलाय."

"ज्या बाईला तू एकदा भेटलीस तिला?"

"अहो, ती खोटं का बोलली ते मला कळतं," मी म्हणाले. पुढचं बोलले नाही. पुण्याहून मुलीचा फोन आला की मी तिला आदल्या दिवशीच्या पार्टीचं वर्णन करून सांगत असे. अशी एकही पार्टी झालेली नव्हती. मैत्रिणींची नावंसुद्धा मी ठेवली होती. मुलगी इतकी मन लावून ऐकायची की एखाद्या मैत्रिणीची तब्येत कशी आहे ते पुढच्या वेळी आठवणीने विचारायची. उद्या ती म्हणाली असती, आई, मी सुट्टीत येते, सगळ्यांना भेटव, तर मी काय केलं असतं?

असं दीड वर्ष गेलं. मग गिरणीत नवी माणसं आली, जुन्यांना निरोप मिळाला, आणि आमचं घर आवरायची वेळ आली. जायच्या दोन दिवस आधी इबू आमच्या दाराशी आल्या. पहारेकऱ्याने पहिल्यांदाच त्यांना आत सोडलं होतं. त्यांच्या हातात गाठोडं होतं, त्यात तपकिरी नक्षीचं बाटिकचं कापड, घडीवर घडी, वर्षानुवर्षं ठेवल्याने घड्यांच्या जागी फिकं पडलेलं.

"तुम्ही आता तिथेच राहणार," त्या म्हणाल्या. "सापडली की द्या. लग्नात द्यायचं राहिलं होतं."

मला ते हातात घेववेना. मी खुर्चीत बसले आणि सगळं सांगितलं. खोली सांगितली, मशीन सांगितलं, बंद गिरणी, नेपाळ, मिस्त्रींचं जाणं. त्यांची भाषा मला बाजारापुरतीच येत होती, त्यामुळे काहीही सावरून, मऊ करून सांगता आलं नाही. जे होतं ते तसंच सांगावं लागलं.

इबू ऐकत होत्या. जावई गेल्याचं कळल्यावर त्यांनी डोळे मिटून ओठांतल्या ओठांत प्रार्थना म्हटली. मग म्हणाल्या, "तो यंत्रं दुरुस्त करायचा. त्याच्या नखांत कायम ग्रीस असायचं. त्याचा बंगला कुठून असणार? मला माहीत होतं."

"माहीत होतं? मग तुम्ही पत्रांना उत्तर काय द्यायचात?"

"आंब्याला पाणी घालत जा, असं लिहायचे." त्या जराशा हसल्या. "ती लिहीत होती तेवढं पुरे होतं. मीच चुकले. येते म्हणून लिहिलं. मला वाटलं, ती म्हणेल, आई, नको येऊस, इथे काही नाही. तेवढं तरी खरं लिहील. तिने लिहिणंच सोडलं."

मी शब्द मोडला होता, पण मला हलकं वाटलं नाही. दोन माणसं एकमेकांना सांभाळायला जाऊन वीस वर्षं गप्प बसली होती, आणि मधली दीड वर्षं त्या गप्प बसण्यात माझीही भर होती. मी फोन काढला आणि म्हटलं, "तुम्ही बोला, मी तिला ऐकवते." त्यांना आवाज टिपून घ्यायचं बटण कळत नव्हतं, मीच दाबून धरलं. त्या बोलायला लागल्या, आणि पहिल्याच वाक्याला माझ्या लक्षात आलं की मला एक शब्दही कळत नाही. ती इंडोनेशियाची सरकारी, शाळेतली भाषा नव्हती. ती जावाची घरची बोली होती. नऊ वर्षांत ती माझ्याशी कुणी बोललंच नव्हतं. मी चार मिनिटं बटण धरून बसले.

ग्वाल्हेरला आल्यावर तीन आठवडे सामान लावण्यात गेले. नवऱ्याला उझबेकिस्तानातल्या गिरणीतून बोलावणं आलं. या वेळी मी म्हटलं, तुम्ही जा, मी नाही येत. तो गेला. मग एके सकाळी मी बिर्लानगरला गेले.

मला बघून तिला सगळं कळलं. "आपने बता दिया," ती म्हणाली.

"हो."

ती रागावेल, दार लावून घेईल, असं वाटलं होतं. तिने मशीनवरची साडी बाजूला केली. मी बाटिकचं गाठोडं आणि फोन तिथे ठेवला आणि तिच्या आईचा निरोप लावला. इबूंचा आवाज त्या खोलीत घुमला. ती उभीच होती. मध्येच एका वाक्याला ती खळखळून हसली, एकदम, लहान मुलीसारखी. कशाला हसली ते मी विचारलं नाही. मग तिने पुन्हा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा ऐकताना ती खाली बसली आणि पदर तोंडाला लावला.

उत्तर द्यायला मी बटण धरलं. तिने तोंड उघडलं आणि हिंदी आली. "अम्मा, मैं..." ती थांबली. पुन्हा धरलं, पुन्हा हिंदी. ती घाबरली. तिने माझ्याकडे बघून विचारलं, "पानी को क्या कहते हैं?"

"आयर," मी म्हटलं.

"नहीं, वो स्कूलवाला नहीं. घर में जो कहते थे."

ते मला माहीत नव्हतं. ती मशीनच्या चाकावर हात ठेवून बसून राहिली. बाहेर कुणीतरी ब्लाउज घ्यायला आलं, तिने हातानेच थांबायला सांगितलं. मग हळूच म्हणाली, "बान्यू." स्वतःशीच दोन-तीनदा म्हणाली. "बान्यू, बान्यू." त्यामागून आणखी एक शब्द आला, मग आणखी एक. मी बटण धरलं आणि तोंड दुसरीकडे केलं.

इबूंच्या शेजारच्या दुकानदाराचा नंबर माझ्याकडे होता. पहिले काही फोन माझ्या फोनवरून झाले. मी आठवड्यातून दोनदा जायचे. आधी आम्ही दोघी गंमत म्हणून इंडोनेशियन बोलायचो, ती चुकली की मी सांगायचे. मला त्या दोन दुपारींची इतकी सवय लागली की उरलेले पाच दिवस मी त्यांची वाट बघत असे. तिकडच्या भाज्या, बसचे हॉर्न, केळीच्या पानाचा वास, हे सगळं ज्याला सांगितल्यावर समजतं असं एक तरी माणूस या गावात होतं. महिनाभरात तिची भाषा परत आली आणि माझ्यापुढे निघून गेली. मुलाने तिला चांगला फोन आणून दिला. मग मी गेले की पुष्कळदा ती आधीच आईशी बोलत असायची. ती मला हाताने बस म्हणायची. मी खाटेवर बसून ते न कळणारं बोलणं ऐकायचे आणि थोड्या वेळाने चप्पल घालून निघायचे. एकदा तिने मला खूप आनंदाने सांगितलं की सगळ्या लाइनीत तिने आपलं खरं गाव सांगून टाकलं. लाइनीने ऐकून घेतलं आणि तिला नेपालवालीच म्हणत राहिली.

तिचा पासपोर्ट कधीच संपलेला होता. मुलाने दिल्लीला चकरा मारून कागद केले, त्याला सहा-सात महिने लागले. निघायच्या दिवशी मी स्टेशनवर गेले. ती बाटिकचं कापड कमरेला गुंडाळून आली होती. साडीतल्या बाईला बघायची सवय झालेली, मला ती क्षणभर ओळखूच आली नाही. "एक महीने में आती हूं," ती म्हणाली.

दोन महिन्यांनी तिचा निरोप आला. आईला आता फार वेळ उभं राहवत नाही, दुकान तीच बघते आहे, इतक्यात येणं होणार नाही. मशीन मुलगा घेऊन गेला. खोलीत आता दुसरं कुणी राहतं.

मागच्या हिवाळ्यात तिने तीळगुळाची गजक मागवली. तिकडे सगळं मिळतं पण गजक मिळत नाही, आणि आईलाही चाखवायची आहे, असं लिहिलं होतं. मी बाड्यावर, म्हणजे गावातल्या मुख्य चौकात गेले, सराफा बाजाराच्या तोंडाशी एक जुनं दुकान आहे तिथून घेतली. बाहेर पाठवायची म्हटल्यावर दुकानदाराने डबा दोनदा कागदात गुंडाळला, वरून दोरा बांधला, आणि माझ्या हातात दिला.

"तेरिमा कासिह," मी म्हणाले.

"जी?"

"काही नाही. धन्यवाद," मी म्हटलं. "शुक्रिया, भैया."

त्याने मागच्या गिऱ्हाइकाकडे बघितलं. मी बाजूला झाले. कुरिअरचं दुकान बंद व्हायला अजून अर्धा तास होता, म्हणून मी चालतच निघाले.